डाग खाली, गळती वर

परवा सकाळी गाडी काढायला खाली गेलो तर पार्किंगच्या फरशीवर थाळीएवढा काळा डाग. आदल्या संध्याकाळी हिंजवडीहून नेहमीसारखा आलो होतो, तेव्हा काही नव्हतं. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली!

गंमत म्हणजे डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता. हा दिवा तेल किती आहे ते सांगतो, असं माझ्यासकट बहुतेकांना वाटतं. तो सांगतो दाब. तेल बरंच उतरलं तरी पंपाला ओढायला पुरेसं आहे तोवर दिवा गप्प, आणि तो लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. असो.

तेल भरलं आणि हळूहळू पुनावळ्याच्या अंडरपासपाशी एका गॅरेजवर नेली. मेकॅनिकने वाकून खालून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथून थेंब पडत होते. "मागचं ऑइल सील गेलं साहेब. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. वीस वर्षांची गाडी, त्यापेक्षा काढूनच टाका." दोन मिनिटांत निकाल! आणि खरं सांगतो, मलाही तो पटला. जुनी गाडी म्हटलं की मोठंच दुखणं असणार, हे आपण आधीच धरून चालतो. घरी येऊन तिला काय किंमत येईल, हे बघायलाही बसलो होतो.

खालच्या मजल्यावरचे काका भोसरीच्या फाउंड्रीत तपासणी खात्यात होते, आता निवृत्त. त्यांनी एकच विचारलं, "अरे, इंजिन बंद केल्यावर गळतं का?" बंद केल्यावर थोड्या वेळात थांबायचं. "मग सीलवर आधी संशय कशाला? त्याच्यावर पंपाचा दाब नसतो. ते झिजतं आणि महिनोन् महिने पाझरतं. एकाएकी धार लागली तर दाबाखालची जागा बघ. फिल्टर बघ, प्रेशर स्विच बघ."

रविवारी इंजिन थंड असताना आम्ही ते ब्रश आणि डिझेल घेऊन पुसून काढलं. वर्षांची मळी निघाली (ती साचू दिली मीच, मेकॅनिकला काय दिसणार?). कोरडं झाल्यावर काकांनी चक्क घरातली टाल्कम पावडर भुरभुरली! कास्टिंगमधली बारीक चीर शोधताना लाल रंग लावून पुसतात आणि वर पांढरी पावडर मारतात, चिरेत राहिलेला रंग आपोआप वर येतो. तीच युक्ती. पाच मिनिटं इंजिन चालवलं. पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली, ब्लॉकच्या वरच्या अंगाला असलेल्या ऑइल प्रेशर स्विचपासून निघून थेट गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत. अंगठ्याएवढा भाग. त्याच्या आतला पडदा फाटला होता आणि दाबाखालचं तेल वायरच्या टोकाशी बाहेर येत होतं. दिव्याला खबर देणारा हाच तो स्विच, म्हणजे फुटला तो पहारेकरीच! नवा साडेतीनशेला मिळाला.

मेकॅनिकला मी लबाड म्हणणार नाही. त्याच्या दारात सहा गाड्या उभ्या, आणि प्रत्येकाला पाच मिनिटांत उत्तर हवं. इंजिन धुवायचे नि शोधायचे पैसे मागितले तर आपणच म्हणतो, "नुसतं बघायचे कसले पैसे?" मग तो खालून जे दिसतं तेच बदलणार. माझा राग वेगळाच आहे. चाकण-भोसरी-पिंपरीच्या या पट्ट्यात निम्मी माणसं कारखान्यात 'व्हाय-व्हाय' करतात. एक पार्ट रिजेक्ट झाला तर पाच वेळा 'का?' विचारून कागद भरल्याशिवाय सुटका नसते. मीही त्यातलाच. आणि तोच मी घरच्या गाडीच्या बाबतीत एकदाही 'का' न विचारता ती विकायला निघालो होतो. गेटमधून बाहेर पडताना कार्ड पंच करतो तेव्हा डोकंही तिथेच ठेवून येतो की काय आपण?

नवा स्विच बसवून आठ दिवस झाले. गाडीखाली रोज रात्री पुठ्ठा सरकवतो आणि सकाळी चहाच्या आधी जाऊन बघतो. बायको हसते. आजही कोरडा होता.