दुःस्वप्नलोकातील स्त्री आणि तिची आया

स्त्रीदमनाचे भविष्यचित्र रेखाटणाऱ्या कादंबऱ्यांचा विषय निघाला, की मार्गारेट ॲटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) मोजपट्टी म्हणून पुढे ठेवण्यात येते. इतिहासात कोठे ना कोठे घडलेले नाही असे आपण तीत काहीच घातलेले नाही, असे खुद्द लेखिकेने सांगितले आहे. पण तो इतिहास प्रामुख्याने न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन वसाहतींचा. आपल्याकडील दमनाला जातीची चौकट आहे, आणि त्या चौकटीत एका स्त्रीचे घर बहुधा दुसऱ्या स्त्रीच्या श्रमांवर चालते.

या दृष्टीने प्रयाग अकबर यांची ‘लैला’ (२०१७) ही इंग्रजी कादंबरी मला अधिक मोलाची वाटते. शुद्धतेच्या नावाखाली भिंती घालून नगराचे तुकडे पाडण्यात आले आहेत. मुसलमान पुरुषाशी विवाह केलेल्या शालिनीची मुलगी हिरावली जाते आणि पुढे सोळा वर्षे ती तिला शोधत राहते. वाचकाचे मन साहजिकच या मातेकडे ओढ घेते. परंतु सुखाच्या दिवसांत याच शालिनीच्या घरात सपना नावाच्या आयेचे स्थान काय होते, हे लेखक आपल्याला विसरू देत नाही. तेथील भिंती राज्यसत्तेने बांधल्या हे खरे. त्यांचा पाया मात्र स्वयंपाकघरात आधीच घातलेला होता. शालिनीचा छळ यामुळे सौम्य ठरत नाही. ‘स्त्री’ हा एकवचनी शब्द तेवढा संशयास्पद होऊन बसतो, आणि आपल्या स्त्रीवादी समीक्षेने या संशयाला अद्याप पुरेसा न्याय दिलेला नाही.

बंगळूरपुरते बोलायचे, तर लावण्या लक्ष्मीनारायण यांच्या ‘ॲनालॉग/व्हर्च्युअल’मध्ये (२०२०, पुढे ‘द टेन पर्सेंट थीफ’) हे शहरच ‘एपेक्स सिटी’ झाले आहे. उत्पादकतेच्या आलेखावर तळाला गेलेल्या नागरिकाला वीज आणि पाणी यांसह माणूसपणही नाकारले जाते. ही एका नायिकेची कथा नव्हे. अनेक कथांची ती गुंफण आहे. मला ही रचना या शहराच्या अनुभवाशी इमान राखणारी वाटते. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढण्यावर निर्बंध घालणाऱ्या नियमाविरुद्ध तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, येथील रस्त्यांवर उतरले. त्यांना कोणी एक पुढारी नव्हता. केंद्र शासनाने दोन दिवसांत नियम मागे घेतला. अशा प्रतिकारासाठी एकाकी नायिकेची कादंबरी अपुरी पडते.

आणि मराठीत? काशीबाई कानिटकर यांनी ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) लिहिली, ती स्त्रीच्या हाती सत्ता आलेल्या आदर्श संस्थानाची. स्वप्न आम्ही पाहिले. दुःस्वप्न मात्र आत्मकथनांवर सोपविले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ वाचल्यावर कल्पित दमनराज्याची निकड कोणाला वाटावी, असे कोणी म्हणेल. मला हा युक्तिवाद पटत नाही. आत्मकथन घडून गेलेल्याची साक्ष देते; जे घडत असूनही घडणे म्हणून ओळखले जात नाही, ते दाखविण्याचे काम कल्पितालाच करावे लागते. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ साली ८९४ होते, ते २०११ साली ८०७ झाले. त्याच जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याच्या तक्रारींवर २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. या दोन नोंदी एकाच कथानकात आणणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनात अद्याप आलेली नाही.