आधी आंघोळ, मग अत्तर

हैदराबादला काचीगुड्यात आमची ही तिसरी पिढी. बँकेतून निवृत्त झाल्यावर गुडघ्यांसाठी पोहायला लागलो. अंगाला क्लोरीनचा वास राहतो म्हणून चारमिनारजवळून आणलेलं खसाचं अत्तर घरूनच लावून पूलवर जायचो. एकदा शेजारी पोहणाऱ्या ताईंना खोकल्याची ढास लागली. त्यांना दमा. काठाला धरून म्हणाल्या, "काका, तुमचं अत्तर सोसत नाही हो." पुढे आठ दिवस त्या आल्याच नाहीत. फार ओशाळलो.

मग समजून घेतलं. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो बहुतेक क्लोरामाइनचा. आपला घाम, लघवी क्लोरीनला मिळाली की ते तयार होतं. म्हणजे वासाला कारण आपणच, अन् वरून अत्तराने झाकायला बघतो!

माझं मत स्पष्ट आहे. पाण्यात उतरण्याआधी साबणाने आंघोळ, अत्तर अजिबात नाही. पोहून आल्यावर पुन्हा आंघोळ, कोरड्या पडलेल्या कातडीला खोबरेल, आणि घरी आल्यावर कानात फाया. दिवाळीत आपला क्रम हाच ना? अभ्यंगस्नान आधी, अत्तर नंतर.

ताई आता परत येतात. तुमच्याकडे काय रीत आहे, जरूर लिहा.