पोर्टल खुले आहे, पण पोहोचतो कोण?

१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसांना त्या पाण्याला हात लावता आला नाही. कागदावरचा हक्क ओंजळीत यावा म्हणून बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.

आज सरकार म्हणते, पोर्टल सर्वांना खुले आहे. आम्ही विचारतो, तिथपर्यंत पोहोचतो कोण?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. यावर उत्तर तयार असते, 'आता सगळ्यांकडे मोबाईल आहे ना!' आहे. पण घरात एकच फोन असेल, तर तो बहुतेकदा बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात असतो. आणि रील पाहता येणे म्हणजे महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येणे नव्हे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला स्कॅन करायचा, ठरलेल्या आकारात बसवायचा. आधार बँक खात्याशी जोडलेले हवे. ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जातो. त्रुटी काढून अर्ज परत येतो आणि ते मुलीला कळतच नाही, कारण तिचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे असतो. इकडे कॉलेज फी मागत राहते.

पूर्वी अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याच्या दारात बसावे लागे. आजही बसावेच लागते, फक्त दार बदलले.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. म्हणून आम्ही मेहेरबानी मागत नाही. सामाजिक न्याय विभागाच्या प्रत्येक वसतिगृहात चालू संगणक, इंटरनेट आणि शिकवणारा माणूस हवा. प्रत्येक कॉलेजात अर्जासाठी मदत कक्ष हवा. पोर्टल बंद पडले तर मुदत आपोआप वाढली पाहिजे.

पण सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. १४ एप्रिलच्या डीजेवर होणाऱ्या खर्चातला काही भाग बाजूला काढला, तर वस्तीच्या विहारात एक जुना संगणक आणि स्कॅनर सहज येतो. आपल्यातलेच शिकलेले तरुण रविवारी दोन तास बसू शकतात. पहिली खुर्ची मुलींना द्या. आणि एक पथ्य पाळा. कुणाचा अर्ज भरून देऊ नका, त्याला भरायला शिकवा. पासवर्ड ज्याचा त्याच्याच वहीत राहू द्या. नाहीतर कॅफेवाल्याच्या जागी आपण बसू, एवढाच फरक पडेल.

'शिका' या शब्दात आज हे शिकणेही येते.

जय भीम!