सोनकी चुलत, गाजरगवत सख्खे



भंडारदऱ्याच्या फुलांवरचे मागील अंकातील पत्र वाचले. हौस कळली, पण सोनकी, करडई आणि खुरासणी यांना सूर्यफुलाची ‘सख्खी भावंडे’ म्हटले आहे, ते पटले नाही. चौघे कंपॉझिटी कुलातले खरे; पण कुल आणि प्रजाती यांच्या मध्ये ‘ट्राइब’ नावाची पायरी असते. सूर्यफुलाचा ट्राइब ‘हेलिअँथी’. तो फ्रेंच शास्त्रज्ञ कासिनी याने १८१९ मध्ये मांडला. सोनकी सेनेसिओनी ट्राइबमधली. करडई तर काटेरी उंटकटारीच्या गोतातली.

पत्रलेखकांनी एक करून पाहावे. सूर्यफुलाचे तबक मधोमध मोडावे. प्रत्येक बारक्या फुलाला कवेत घेणारा होडीच्या आकाराचा एकेक खवला दिसेल. हाच खवला अकोल्याच्या डोंगरउतारावरच्या खुरासणीतही सापडतो. सोनकीची बैठक मात्र खवल्यांविना, उघडी. करडईत खवल्यांच्या जागी केसांसारखे राठ तंतू असतात, आणि कडेच्या पाकळ्या तर नसतातच.

खुरासणीपुरते त्यांचे म्हणणे जुन्या वर्गीकरणात बसते. अलीकडे डीएनएच्या आधारे हेलिअँथीचे तुकडे पडले आणि खुरासणी ‘मिलेरिई’त गेली. मात्र काटेकोर हेलिअँथीत आजही ठाण मांडून बसले आहे ते नगरच्या प्रत्येक बांधावरचे काँग्रेस गवत, म्हणजेच गाजरगवत, जे मुळात गवतच नाही! सख्खे भावंड हवेच असेल तर हे घ्या.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, अकोले, जि. अहिल्यानगर