कंबरेची गोळी आणि पोटातली जखम

ऊसतोडीहून परतलेल्या बायाबापड्या पाथरीत भेटल्या की दोनच दुखणी सांगतात: कंबर आणि पोट. या दोन दुखण्यांचे नाते असू शकते, हे त्यांना कुणी सांगत नाही. "तिखट कमी खा, टेन्शन घेऊ नका," असे म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी हातावर ठेवली जाते. भाकरी-ठेच्यावर दिवस काढणाऱ्याला हा सल्ला देणे मला पटत नाही. तिखटाने जळजळ वाढते, पण अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातली जखम बहुतेक वेळा वेगळ्याच दोन कारणांनी होते.

एक कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. दाटीवाटीच्या घरांत, अस्वच्छ पाण्याच्या वस्तीत तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवले. त्यांना आणि डॉ. रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. तरी आपल्याकडे दोष अजून मिरचीलाच!

दुसरे कारण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारखी दुखण्याची औषधे. जठराचे अस्तर जपणारे द्रव्य ती शरीरात तयारच होऊ देत नाहीत. त्यामुळे गोळीऐवजी इंजेक्शन घेतले तरी धोका टळत नाही. सोबत स्टिरॉइड असेल तर तो आणखी वाढतो.

आमच्या ओळखीच्या एका ताईंना फडावर रोज कागदाच्या पुडीतून तीन रंगीत गोळ्या मिळायच्या. शौचाला डांबरासारखे काळे व्हायचे. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही काळे होते, म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही. चक्कर येऊन पडल्या तेव्हा रक्त चढवावे लागले. पुडीत काय होते, हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता आले नाही.

उपाशीपोटी दुखते की जेवल्यावर, एवढ्यावरून कारण ठरत नाही. कोणती औषधे घेता, हे डॉक्टरांनी खोदून विचारले पाहिजे. जंतू शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत सापडतो. मात्र त्याआधी डॉक्टरांना विचारून ओमेप्राझोलसारखी गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावे लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' येऊ शकतो. दुर्बिणीने जखम दिसते, तुकडा काढून जंतू आणि कर्करोग दोन्ही तपासता येतात. जंतू निघाला तर साधारण १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा. औषधामुळे असेल तर ते औषध बदलायचे. हृदयरोगासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

काळे शौच, रक्ताची उलटी, वजन घटणे, एकाएकी असह्य पोटदुखी: यात दुकानातून गोळी आणत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जंतूची शौच तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच व्हावी, परभणी-नांदेडच्या फेरीत मजुरी बुडू नये, अशी माझी मागणी आहे. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात. त्याआधीच बायांना बोलावून ही तपासणी झाली पाहिजे.