तलाव गढूळ, दोष कोणाचा?

चांगी बिझनेस पार्कात नोकरी आणि जवळच्या कॉन्डोत बिऱ्हाड, अशी आपली कितीतरी कुटुंबे आहेत. तरणतलाव गढूळ दिसला की आपण म्हणतो, "क्लोरीन वाढवा." पण क्लोरीन जंतू मारते, गाळ काढत नाही. ते काम वाळूच्या फिल्टरचे. स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा गेजवरचा दाब ८ ते १० पीएसआयने चढला, की बॅकवॉश हवा. उठसूट मात्र नको. किंचित मळलेली वाळूच बारीक कण धरते. वाळू जुनी झाली की बदलावीच लागते. तिथे काटकसर नको. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, बुडणारे मूलही दिसत नाही. म्हणून घरमालकांनी वार्षिक सभेत, भाडेकरूंनी ऑफिसात गेजच्या नोंदी जरूर मागाव्यात.