पुढच्या चाकाला दोन शॉकअप कशाला?

हैदराबादच्या जांबाग भागात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. फोर-बाय-फोर घेतलेल्या हौशी मालकाला अशा दुकानांत आणि गॅरेजांत एक सल्ला हमखास मिळतो: पुढच्या प्रत्येक चाकाला दुसरा शॉकअप बसवून घ्या. त्यासाठी मुद्दे मांडले जातात ते चार. गाडी जास्त वजन पेलते, चाक जमीन सोडत नाही, शर्यतीच्या गाड्यांना दोन-दोनच असतात, आणि रानात एक निकामी झाला तरी दुसरा घरी पोचवतो. ऐकताना चारही बिनतोड वाटतात. तपासायला घेतले की त्यांतले जेमतेम दीड टिकतात.

पहिला मुद्दा तर मुळातच चुकीचा आहे. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. जुन्या जिप्सीत ते काम पाटे करायचे, २०१०च्या थार सीआरडीईत पुढे टॉर्शन बार आणि २०२०च्या थारमध्ये कॉइल. शॉकअपच्या नळीत असतं ते तेल. दांड्याच्या टोकाचा पिस्टन ते बारीक वाटांतून ढकलतो आणि त्या अवरोधानं स्प्रिंगची उसळी उष्णतेत जिरते. पुढे विंच आणि लोखंडी बंपर चढवल्यामुळे गाडीचं नाक खाली गेलं असेल, तर उपाय ताठ स्प्रिंग हाच.

दुसरा मुद्दा पकडीचा. उसळी एकदाही न घेता स्प्रिंग जागेवर यावी यासाठी जेवढा अवरोध लागतो, त्याच्या साधारण २० ते ४० टक्के अवरोध नेहमीच्या गाडीत ठेवलेला असतो. तसलाच दुसरा नग शेजारी लावला की ३०चे ६० होतात. मग दणका खाऊन वर गेलेलं चाक वेळेवर खाली येत नाही. लागोपाठच्या खाचांवर ते दर वेळी थोडं वरच राहतं, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपच्या रबरी ठोकळ्यांवर आदळू लागते. वाढायची ती पकड सुटते. आता जागा नाही म्हणून हा दुसरा नग तिरका बसवला, तर गणित आणखी बिघडतं. उभ्या रेषेपासून तो ४५ अंश कलला की त्याचा परिणाम निम्मा होतो. म्हणजे पैसे दोनाचे, काम दीडाचं, आणि तेही नको तिथे.

शर्यतीचा दाखला मात्र खरा आहे. डाकार रॅलीतल्या टोयोटा हायलक्सला एकेका चाकाशी दोन शॉकअप दिसतात. फोर्डनं १९८०च्या दशकात ब्रॉन्कोला पुढे चार शॉकअपचा पर्याय कारखान्यातूनच दिला होता. याचं कारण उष्णता. वाळवंटात तासन्‌तास वेगानं गाडी उधळत असते. तेल तापून पातळ होतं, फेसाळतं आणि अवरोध गळून जातो. दोन नळ्या म्हणजे दुप्पट तेल आणि उष्णता बाहेर टाकायला दुप्पट पत्रा. शिवाय तिथे वॉल्व्ह जोडीचा हिशेब धरूनच जुळवलेले असतात. बाजारातून तसलाच नग आणून शेजारी टांगलेला नसतो.

हैदराबादभोवतीची जमीन वेगळी. अडीच अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइटच्या कातळावर गाडी चढते ती माणसाच्या चालीनं. अवरोध पिस्टनच्या वेगावर ठरतो, त्यामुळे इतक्या संथ चढाईत शॉकअप तापत नाही, त्याला फारसं कामही उरत नाही. तिथे महत्त्वाचं असतं ते चाक किती खाली लोंबतं हे, आणि दोन शॉकअपांतला आखूड असेल तोच ती मर्यादा ठरवतो.

राहिला रानात अडकण्याचा मुद्दा. तो अर्धा खरा. पण दोन्ही नग एकच धूळ खातात, एकाच वेळी जुने होतात. जिम्नी-जिप्सीसारख्या अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत एक जादा शॉकअप सीटमागे टाकला की तेवढ्यानं भागतं. नव्या थारमध्ये पुढची स्प्रिंग शॉकअपभोवतीच आहे आणि ड्राइव्ह शाफ्टही तिथूनच जातो. दुसऱ्याला जागा करायची तर चासीवर नवं ब्रॅकेट वेल्ड करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीचा सर्व्हेअर चासीवरचं ते वेल्डिंग बघितल्याशिवाय राहील का?

मग करावं काय? आधी आहे तो शॉकअप नीट बघावा. दांड्याखाली तेलात कालवलेली धूळ चिकटली असेल तर सील गेलं. रबरी बुश एका अंगानं खाल्लेला असेल तर खडखडाट तिथून येतो. वाढलेल्या वजनाप्रमाणे स्प्रिंग निवडावी, कातळावर टायरची हवा उतरवावी. तरीही कमी पडलं तर प्रत्येक चाकाला एकच, पण जाड मोनोट्यूब, म्हणजे एकेरी नळीचा शॉकअप, घ्यावा. दोन इंचांऐवजी अडीच इंची पिस्टन घेतला की त्याचं क्षेत्रफळ ५६ टक्क्यांनी वाढतं. आतला नायट्रोजन तरंगत्या पिस्टननं तेलापासून वेगळा ठेवलेला असल्यानं फेस आटोक्यात राहतो. उघडता येणारा नग असेल तर वॉल्व्हच्या चकत्या, म्हणजे शिम, बदलून तो गाडीच्या वजनाशी जुळवता येतो.

जड अखंड अ‍ॅक्सल, ३५ इंची टायर आणि जैसलमेरच्या वाळूत दिवसभर वेगानं धावायचा बेत, असं सगळं एकत्र आलं तर जोडीचा विचार जरूर करावा. तेव्हाही दोन्ही नग उघडून त्यांचा अवरोध जोडीच्या हिशेबानं उतरवून द्यायला मेकॅनिक तयार असेल, तरच ब्रॅकेटची मापं घ्यावीत.